लांब कुरण

थर्झाबाई ऑक्टोबरात गेली आणि तिच्या कबरीवरची माती दबायच्या आत तिच्या भाच्यानं लांब कुरण विकायला काढलं. भाचा बॉस्टनला दातांचा डॉक्टर. उपटणं हाच त्याचा धंदा, त्याला आम्ही काय बोलणार.

लांब कुरण म्हणजे एकाहत्तर एकर. आमच्या गोठ्याच्या मागच्या दारापासून निघतं ते नदीच्या कडेकडेनं थेट पुलापर्यंत. डनफर्ड गावात सपाट म्हणावी अशी जमीन तेवढीच. बाकी सगळा डोंगर आणि दगड. त्या कुरणातलं गवत आमच्या घरानं बेचाळीस वर्षं कापलं. कागद नाही, करार नाही. माझे सासरे अल्डन यांनी उमेदीच्या वयात थर्झाबाईच्या हातात हात दिला होता. तिला हिवाळ्याचं जळण आणि नाताळाला अर्धं डुक्कर, आम्हाला गवत. आमच्या चौतीस गायी त्या गवतावर हिवाळा काढतात. कुरण गेलं की गायी गेल्या, आणि गायी गेल्या की माझा नवरा ऑरिन काय करील याचा मला विचार करवत नव्हता. पंचावन्न वर्षांचा माणूस, त्याला दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

भाच्याकडे एक बिल्डर आला होता. अठ्ठेचाळीस घरं बांधणार होता, प्रत्येकाला दोन गाड्यांचं गॅरेज. भाच्यानं एक केलं, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. गावाला मार्चच्या सभेपर्यंत मुदत दिली. बिल्डर देतो तेवढं गावानं दिलं तर जमीन गावाची, कायमची मोकळी. सभेच्या कागदावर तो सतरावा ठराव होता.

मार्च म्हणजे आमच्याकडे मेपलच्या झाडांचा गोड रस काढून त्याचा पाक आटवायचे दिवस. रात्री पाणी गोठलं पाहिजे आणि दिवसा ऊन पडलं पाहिजे, तरच झाडं वाहतात. त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, थंडी हटायलाच तयार नव्हती. आम्ही सहाशे झाडांना भोकं पाडून बादल्या टांगल्या आणि वाट बघत बसलो. गुडघाभर बर्फातून रोज फेरी मारायची आणि प्रत्येक बादलीत डोकावायचं. तळाला वाटीभर बर्फ. ऑरिनच्या हातांना भेगा पडल्या होत्या. तो त्यांत गायीच्या सडांना लावायचं मलम भरायचा आणि पुन्हा निघायचा.

अल्डन एक्क्याऐंशी वर्षांचे, उजवा खुबा गेलेला. मोडक्या दाताळ्याचा दांडा टेकत चालायचे. झाडांपर्यंत जाणं होत नाही म्हणून गुऱ्हाळात बसून काहील घासायचे. काहील त्यांच्या वडिलांची, बारा फूट लांब, पत्र्याची, सांधे डाकाचे. ती आरशासारखी होईपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

"होलिस असता तर सतराव्या ठरावाची काळजी नव्हती," ते एकदा घासता घासता म्हणाले.

"होलिसचं एकच मत होतं, बाबा," मी म्हणाले.

"एकच. पण तोंड होतं."

होलिस म्हणजे अल्डनचा जुना शेजारी, आदल्याच उन्हाळ्यात गेला. तीस वर्षं गावसभेत तो एकच वाक्य बोलला. कुठलाही महत्त्वाचा ठराव मंजूर झाला की मागच्या बाकावरून उठायचा आणि म्हणायचा, "सभापती, झाकण लावा." म्हणजे झालेला ठराव त्याच दिवशी कुणी पुन्हा उघडू नये, असं सभेनं ठरवून टाकावं. सभा हो म्हणायची. मग तो बसायचा. लोक हसायचे. सगळ्यात जास्त अल्डन हसायचे. "होलिसला घरी बायको झाकण लावायला सांगते, म्हणून तो इथं येऊन बोलतो," असं म्हणायचे.

सभेच्या शनिवारी पहाटे मी दूध काढायला गेले आणि दारातच थबकले. वारा दक्षिणेचा होता. छपरावरून थेंब पडत होते. ऑरिन बादल्या धुता धुता थांबला, हवेत नाक वर केलं आणि म्हणाला, "आज."

"आजच कसं रे?" मी म्हणाले.

तो गायींशी बोलतो, माणसांशी लागेल तेवढंच.

नऊ वाजता आम्ही तिघं टाऊन हॉलमध्ये. तीनशेवर माणसं, भिंतीला लागून उभी, ओल्या लोकरीचा वास. आमचा वास निराळा. गोठ्यातून थेट आलेल्याचा वास अंघोळीनं जात नाही, तो कातडीत असतो. शेजारी जांभळ्या कोटातली एक बाई बसली होती, दोन वर्षांपूर्वी गावात घर घेतलेली. तिनं खुर्ची हळूच वीतभर सरकवली. ऑरिननं ते पाहिलं आणि बूट खुर्चीखाली ओढून घेतले. मला इतका राग आला की मी तिच्याकडे बघून उगाच हसले.

सतरावा ठराव यायला अकरा वाजले. सभापती लायमन कोट, पोस्टातून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. त्यानं ठराव वाचला. पहिला उठला मर्टन स्लेट. मर्टनचा धंदा खोदकामाचा, तीन बुलडोझर. अठ्ठेचाळीस घरांचे पाये कोण खणणार हे शेंबडं पोरही सांगेल.

"माझं कुणाशी वैर नाही," मर्टन म्हणाला. असं म्हणणाऱ्याचं नेहमी असतंच. "पण हिशेब सरळ आहे. लांब कुरणातून दर वर्षी नऊ हजार गठ्ठे गवत निघतं. ते कुणाच्या गोठ्यात जातं? उद्या आपण सगळ्यांनी कर भरून जमीन घ्यायची, आणि चरायच्या ऑरिनच्या गायी. अरे, मग सरळ सांगा ना, गावानं ऑरिनला दत्तक घ्यायचंय."

हॉल हसला. आपली माणसंसुद्धा हसली. ऑरिनचे कान लाल झाले. मांडीवरचे हात त्यानं पालथे केले, भेगांमधलं मलम दिसू नये म्हणून. मी त्याला कोपरानं ढोसलं. "बोल की." तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिला.

मर्टनच्या बाजूनं सगळेच काही लबाड नव्हते. पीव्हीबाई, माझ्या मुलींची शाळेतली बाई, उठली आणि म्हणाली, "मला ते कुरण आवडतं. पण माझं पेन्शन ठरलेलं आहे. कर वाढला तर मी घर विकीन, आणि मग मोकळी जागा बघायला मी कुठून येऊ?"

बाकीचे बोलले. नदीला पूर येतो तेव्हा पाणी त्या कुरणात पसरतं म्हणून गावात शिरत नाही, असं कुणी म्हणालं. जांभळ्या कोटवाली उठली. मला वाटलं आता ही वासाबद्दल बोलणार. ती म्हणाली, "जूनमध्ये त्या गवतात पक्षी घरटी करतात. हे गृहस्थ पिल्लं उडेपर्यंत कापणी थांबवतात. उशिरा कापलेलं गवत हलकं होतं, त्यांचं नुकसान होतं. दोन वर्षं मी खिडकीतून बघतेय. त्यांना कुणी सांगितलेलं नाही." आणि बसली. ऑरिन जास्तच लाल झाला. मी तिच्यावरचा अर्धा राग मागे घेतला.

चिठ्ठ्यांनी मतदान झालं. हो एकशे त्रेसष्ट, नाही एकशे अठ्ठावन्न. पाच मतांनी कुरण आमचं, म्हणजे गावाचं, झालं.

टाळ्या वाजल्या. कुणी माझ्या गळ्यात पडलं. ऑरिननं डोळे मिटले आणि खोल श्वास सोडला. आणि मग, देवाशपथ, सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली: रस. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं, बादल्या भरून वाहत असणार. सभेचे उरलेले ठराव तसेच टाकून गुऱ्हाळवाले सगळे टोप्या घालत दाराकडे निघाले. अल्डनसुद्धा दांडा आपटत निघाले. मागच्या बाकावर होलिसची जागा रिकामी होती. तिथं कुणी बसलं नव्हतं आणि तिथून कुणी उठलं नाही.

दुपारी एकला आम्ही गुऱ्हाळात होतो. बादल्या काठोकाठ. ऑरिन टाकीतून रस आणत होता, मी चुलाणात पाइनच्या फळ्या सारत होते, अल्डन काहिलीशी उभे राहून फेस काढत होते. चाळीस बादल्या रस आटतो तेव्हा एक बादली पाक होतो. वाफेनं छत दिसेनासं झालं होतं. केस चिकट, पापण्या चिकट. ऑरिन गुणगुणत होता. लग्नाला तीस वर्षं झाली, मी त्याला गुणगुणताना चौथ्यांदा ऐकत होते.

अडीचला दूधखोलीतला फोन वाजला. माझी बहीण इडा. ती आणि चर्चच्या चार बायका सभेच्या स्वयंपाकघरात होत्या, घेवडा, हॅम आणि सफरचंद भरलेले गोड ॲपल-पाय विकायला.

"नेटी, तुम्ही झाकण लावलं का?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"कसलं झाकण?"

"कसलं म्हणून काय विचारतेस? मर्टन स्लेटनं माणसं धरून ठेवलीत. ॲपल-पाय खाऊ घालतोय त्यांना, माझाच ॲपल-पाय. तुमचे सगळे गेले ना, आता तो सतरावा पुन्हा उघडायचं म्हणतोय. लायमन म्हणतो, नियमानं उघडता येतो. कुणी अडवलंच नाही ना!"

"थोपवून धर."

"कशी? मी ॲपल-पायवाली."

"इडा, पाच जणांनी लिहून मागितलं की चिठ्ठीनं मतदान घ्यावंच लागतं. तुम्ही किती जणी आहात?"

ती म्हणाली, "पाच," आणि फोन आपटला.

मी धावत गुऱ्हाळात आले आणि सांगितलं. अल्डनच्या हातातली झारी खाली पडली. ते काहिलीच्या कडेला टेकून उभे राहिले. "मी शेजारी बसायचो त्याच्या," ते म्हणाले. "तीस वर्षं. मी हसायचो. आज मीच उठायला हवं होतं, पोरी. माझ्या डोक्यात रस होता."

"सगळ्यांच्याच डोक्यात होता, बाबा."

"एकानं इथं थांबायला हवं," मी ऑरिनला म्हणाले. चुलाण आत्ताच गच्च भरलं होतं. काहिलीत दोन बोटं पाक. बघायला कुणी नसेल तर घटकेत करपणार.

"सकाळी पाच मतांनी जिंकलो," ऑरिन म्हणाला. "घरात मतं तीन."

त्यानं टाकीचा नळ पूर्ण उघडून काहील थंड रसानं काठोकाठ भरली. जळती लाकडं जमतील तेवढी फावड्यानं ओढून बर्फात फेकली. उरलेल्या आगीकडे, मग काहिलीकडे, बापाच्या बापाच्या काहिलीकडे त्यानं एकदा पाहिलं. "एक तास तग धरेल," तो म्हणाला. धरणार नव्हती. हे तिघांनाही कळत होतं. अल्डननी दांडा उचलला आणि सगळ्यांच्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसले.

रस्ता म्हणजे नुसता चिखल. पण त्या दिवशी कोण घरी आहे हे शोधावं लागत नव्हतं. जिथं डोंगराच्या कुशीतून पांढरी वाफ वर चढत होती तिथं आमचं एकेक मत होतं. ऑरिननं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गान्यों मंडळी, बाप, आई आणि तीन मोठे मुलगे, गुऱ्हाळाच्या दारात आली. अल्डननी खिडकीतून डोकं काढलं. "झाकण राहिलं! झाकण लावायचं राहिलं!"

म्हाताऱ्या गान्योंला दुसरा शब्द सांगावा लागला नाही. त्यानं तिथंच कपाळावर हात मारला.

पुढं प्रॅट भाऊ. दोघं एकाच चुलाणावर पाक करतात आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनी ऐकलं, दोघं दोन ट्रकमध्ये बसले आणि एकामागून एक निघाले. पुलापाशी मी मागं वळून पाहिलं तर आमच्या मागं नऊ गाड्या होत्या. चिखल उडवत, दिवे लावून.

टाऊन हॉलच्या पायरीवर इडा उभी, ॲप्रनला घेवड्याचा रस्सा. तिनं कागदी ताटलीवर पाच सह्या घेतल्या होत्या आणि ती ताटली लायमनच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. लायमननं चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी वाचली आणि म्हणाला, अर्ज वैध आहे. मग चिठ्ठ्या कापायला वेळ, पेटी रिकामी करून दाखवायला वेळ. मतं टाकायला आता कुठं सुरुवात झाली होती.

"नीट ऐका," इडा दारात प्रत्येकाला पकडून सांगत होती. "सकाळी हो होतं, आता नाही लिहायचं. उघडायचा का? नाही. समजलं? नाही."

"अगं, मी काय बहिरा आहे?" थोरला प्रॅट म्हणाला.

"तू बहिरा नाहीस, तू प्रॅट आहेस. नाही लिही."

आम्ही रांगेत उभे राहिलो. धुरानं काळी तोंडं, बाह्यांवर पाक सुकून काचेसारखा कडक झालेला. मर्टन पेटीशेजारी खांबाला टेकून उभा होता. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "काय ऑरिन, गायींची भूक इथवर घेऊन आली वाटतं? तिकडं काहिलीपाशी कोण आहे?"

हॉलमध्ये तोंडं वळली. ऑरिन थांबला. मला वाटलं, आता परत हात लपवणार. त्यानं हात पुढं केला, भेगाळलेला, मलम आणि काजळी भरलेला, आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

"कुणी नाही," तो म्हणाला. "काहील जळतेय, मर्टन. नऊ घरांची चुलाणं उघडी टाकून आलोत. तुला वाटलं होतं आम्ही पाकासाठी कुरण सोडू."

मागं पीव्हीबाई बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सकाळीही नाही लिहिलं होतं, नेटी. पण दुपारी चोरून उघडायला माझी ना आहे." आणि चिठ्ठी टाकायला रांगेत आली. हातात हातमोजे, पाठ ताठ, पूर्वी शाळेत उभी राहायची तशी.

मोजणीला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात काहील कुठवर आली असेल ते मोजत होते. आता रस आटला. आता पाक. आता बुडबुडे मोठे. आता काळा.

लायमननं कागद वाचला. "पुन्हा उघडावा या बाजूनं एकशे एकवीस. उघडू नये, एकशे एकोणतीस. ठराव मंजूर आहे तसाच राहील."

या वेळी टाळी पडली नाही. सगळ्यांचं लक्ष मागच्या बाकाकडे. अल्डन तिथं होलिसच्या रिकाम्या जागेशेजारी बसले होते, ते उठायला बघत होते. दांडा रोवला, जोर केला, पण खुब्यानं साथ दिली नाही. दुसऱ्यांदा जोर केला. कपाळावर घाम आला. ऑरिननं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, दाबून खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. पंचावन्न वर्षांत गावसभेत तो कधी उभा राहिला नव्हता.

"सभापती," तो म्हणाला. "झाकण लावा."

"अनुमोदन," धाकटा प्रॅट ओरडला.

"अनुमोदन," थोरला प्रॅट ओरडला. लायमन म्हणाला, एकाचं पुरे. अकरा वर्षांत ते दोघं पहिल्यांदा एकच शब्द बोलले होते. अल्डन मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मी बघायला गेले नाही.

हात वर झाले. झाकण लागलं.

जळक्या साखरेचा वास पुलापासूनच आला. गुऱ्हाळाचं दार उघडलं तर आत काळा धूर. काहिलीचे सांधे वितळून उरलेला पाक चुलाणात सांडला होता, तळाचा पत्रा वाकून वर आला होता आणि त्यावर बोटभर जाड कोळसा. तिघं दारात उभे राहिलो. पाच वाजत आले होते. गोठ्यात गायी हंबरायला लागल्या होत्या.

"वडिलांनी मला फोडून काढलं असतं," अल्डन म्हणाले.

"मग?" ऑरिन म्हणाला.

"मग काय. आता ते नाहीत. चल, दूध काढ."

त्या हंगामातला बाकीचा रस मी स्वयंपाकघरातल्या चुलीवर आटवला, पातेल्यांत, घंगाळात, हाताला लागेल त्यात. वाफेनं भिंतीवरचा कागद सुटून लोंबला. इडा म्हणाली, घर आजारी दिसतं. दिसू दे.

ती काहील ऑरिननं भंगारात दिली नाही. छिन्नीनं कोळसाही काढू दिला नाही. एप्रिलमध्ये शिडी लावून गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चार मोठे खिळे ठोकले आणि ती आहे तशी टांगली. पुलाकडून येणाऱ्या रस्त्यावरून ती दिसते. मर्टन स्लेटचा ट्रक रोज दोनदा तिथून जातो.

जुलै संपताना, पिल्लं उडाल्यावर, आम्ही लांब कुरण कापलं. जमीन आता गावाची, म्हणून लोक कुंपणाशी येऊन उभे राहतात, कापणी बघतात. कुणीतरी नवखा विचारतोच, "ते भिंतीवर काळं काय टांगलंय हो?"

ऑरिन गठ्ठा उचलून गाडीत फेकतो. "सतरावा ठराव," म्हणतो आणि पुढच्या गठ्ठ्याला हात घालतो.